रिकाम्या सीटचा टोल

कन्नडकडं लोक जातात ते लेणी पाहायला, जंगलात भटकायला, नाहीतर घाट उतरून पुढं खानदेशात. मी गेलो होतो भाच्याच्या साखरपुड्याला. एक दिवस जाण्याचा, एक येण्याचा, म्हणजे प्रवास म्हणावा एवढाही नाही. तरी लिहायला बसलोय, कारण वाटेत मी असा एक टोल भरला की जो तुमच्यापैकी कुणी भरला असेल असं वाटत नाही. दुसरं कारण, मी फार बोलणारा माणूस नाही. घरचे म्हणतात, याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीचा गाळ काढणं. कागदावर मात्र मला जमतं.

चिकलठाण्याहून

मी राहतो चिकलठाण्याच्या नव्या वसाहतीत आणि कामाला तिथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. दिवसभर लोक मला विचारत असतात. हे आलं का, ते संपलं का, कधी येणार. घरी आलो की घरचे विचारतात. गाडी ही एकच जागा अशी की जिथं मला कुणी काही विचारत नाही. काचा वर, एसी चालू, गाणीसुद्धा नाहीत. सुटीच्या दिवशीही काही ना काही निमित्त काढून जालना रोडला एक चक्कर मारून येतो. मुकुंदवाडीच्या थांब्यावर ओळखीची माणसं उन्हात रिक्षाची वाट पाहत उभी असतात. मी समोर बघतो. समोर बघून गाडी चालवणं हा नियमच आहे, अशी मनाची समजूत घालतो, पण ती नीट बसत नाही.

त्याच मुकुंदवाडीत माझी थोरली बहीण राहते. माई. माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठी. धाकटी शोभा कन्नडच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली. साखरपुडा तिच्याच मुलाचा. माझी बायको सुनंदा मदतीला दोन दिवस आधीच गेली होती, त्यामुळं मी एकटा निघणार होतो. त्या एकट्या वाटेचं सुख मी आठवडाभर मनात घोळवत होतो. आणि आदल्या दिवशी माईचा फोन आला.

"बाळू, कधी निघायलास? मला बी घिऊन जा. एसटीत चढायचं म्हणलं की गुडघे बोंबलतेत माझे."

मला माई आवडते. पण माई गाडीत बसली की ती मुकुंदवाडीपासून कन्नडपर्यंत बोलणार, आणि दर दोन वाक्यांनंतर मला विचारणार, "ऐकायलास ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माई, गाडी भरलेली आहे गं. कंपनीतले चौघं आहेत. त्यांना वेरूळची लेणी दाखवायचीत."

ती म्हणाली, "बरं बरं. पाव्हण्यांना नीट दाखव. घाई करू नको."

तिनं विश्वास ठेवला, हेच मला लागलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

वेरूळचा फाटा

सकाळी निघालो. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला उन्हात तापायला लागला होता. पुढं डोंगर, मग मोकळं रान. कापूस वेचायला आलेल्या बायका डोक्याला रुमाल बांधून ओळीनं वाकलेल्या. मध्येच अद्रकाचे हिरवेगार पट्टे. हायवेच्या टोलवर यंत्रानं काचेवरची पट्टी वाचली, दांडी उचलली गेली, मी निघालो. ना काच खाली, ना राम राम, ना जय भीम. असा टोल मला मनापासून आवडतो. परदेशातल्या काही शहरांत गाडी नुसती भर वस्तीत नेली तरी पैसे कापतात, असं मी वाचलेलं. गर्दी तुमच्यामुळं होते, धूर तुमचा, मग किंमतही तुम्हीच मोजा. वाचून वाटलेलं, आपल्या शहरातल्या क्रांती चौकात करा की सुरू. पैसे देऊन एकटं राहता येत असेल तर सौदा वाईट नाही.

वेरूळचा फाटा आला तेव्हा एक गंमत झाली. ते कंपनीचे चौघं खरंच गाडीत बसलेत असं मला वाटायला लागलं. शांत, सभ्य, काही न विचारणारे. अगदी मला हवे तसे. फाटा मागं पडला तरी कुणी तक्रार केली नाही.

पुढं मात्र हायवे तुंबला. ऊस कारखान्याला निघालेली एक ट्रॉली आडवी झालेली, मागं गाड्यांची रांग, आणि दोन पोरं सांडलेल्या उसातला एकेक ऊस निवडून खात होती. पुढचे गाडीवाले एका कच्च्या वाटेला वळायला लागले. मीही वळलो. पाच-सात मिनिटांत एक गाव आलं, सावळधारा नावाचं. दोन्ही बाजूंना घरं आणि मधून एवढीशी गल्ली, की आरसे मिटून घ्यावे लागले. गल्लीच्या तोंडाशी रंगीत लुगड्यांच्या चिंध्या बांधलेली एक दोरी आडवी ताणलेली. दोरीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई, कपाळावर पदर, हातात दोरीचं टोक.

दोरी

बाईनं काचेवर टकटक केलं. काच खाली करावीच लागली.

"किती रिकाम्या?"

"काय?"

"सीटा हो. किती रिकाम्या हायेत?"

मी पाकीट काढलं. अशा दोऱ्या मी पाहिलेल्या आहेत. जत्रेची वर्गणी, गणपतीची वर्गणी.

"पाकीट ठिवा आत," बाई म्हणाल्या. "पैशाचं नाय इथं. खाली उतरा, च्या घ्या. तवर माणसं गोळा करते."

त्यांचं नाव कांताबाई. गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या त्या प्रमुख. चहा शेळीच्या दुधाचा होता आणि त्यात आलं भरपूर, या भागात आल्याला कुणी मोजत नाही. चहा पिता पिता त्यांनी मला सगळा प्रकार समजावून सांगितला.

"ऊस सुरू झाला की हायवे तुंबतो. तुंबला की समद्या गाड्या आमच्या गल्लीत. आमची एसटी यायची इथून, सकाळी एक, दुपारी एक. ती मधीच अडकायची. समोर तुमच्या गाड्या, मागं तुमच्या गाड्या. डायव्हर वैतागला, फेरी बंद झाली. म्हाताऱ्या माणसानं दवाखान्यात जायचं कसं? बाजाराला जायचं कसं?"

"मग तुम्ही टोल लावला."

"आधी पैसेच घेतले हो. लई चूक झाली ती. पैसे दिले की माणूस माजायचा. जो आधी भीत भीत जायचा तो हॉर्न वाजवत जायला लागला. एकानं तर दारातल्या कोंबडीवर गाडी घातली आन् वर म्हनला, टोल भरलाय ना मी. जसा काय रस्ताच इकत घेतला त्यानं. मंग बायकांनी डोकं लावलं. म्हणलं, आमची बस कुनामुळं गेली? गाडीवाल्यांमुळं. मंग बशीतली माणसं बी गाडीवाल्यांनीच न्यायची. भरलेली गाडी आली तर फुकट. रिकामी आली तर जेवढ्या सीटा रिकाम्या तेवढी माणसं."

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

"तर मागं वळा. हायवे हाय की तुमचा. आम्ही कुठं धरून ठिवलंय?" कांताबाई हसल्या. "पन वळत नाय कुनी. मागं पाहा की किती गाड्या लागल्यात."

मी मागं पाहिलं. खरंच लागल्या होत्या. एक मोठी पांढरी गाडी तर माझ्याही पुढच्या थाटाची, आणि तिच्यातही एकच माणूस. त्याचा चेहरा पाहून मला बरं वाटलं. आपल्या जातीचा माणूस भेटल्यासारखं.

"आज एक काळीपिवळी जीप बी बसली मधीच," कांताबाई सांगत होत्या. "शहरातून आलेली. क्लच गेला तिचा. तिच्यातली माणसं बी मीच वाटून देऊन राह्यले. एकच राह्यली आता. डबा जड हाय म्हणून मागं थांबली बिचारी." मग त्या लिंबाच्या सावलीकडं तोंड करून ओरडल्या, "या वं मावशी, सीट झाली."

सावलीतून उठली ती माई.

निळं लुगडं, हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा. ती दोन पावलं चालली आणि तिनं गाडी पाहिली. मग वाकून गाडीच्या आत पाहिलं. पुढची सीट, मागच्या तिन्ही सीटा. तिथं कुणी नव्हतं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात चहाचा कप होता, तो कुठं ठेवावा मला कळेना.

मी तोंड उघडलं. त्याआधी तीच बोलली.

"जय भीम साहेब," माई म्हणाली, "कन्नडच्या पुढं जानार का आपन?"

गाडीत

पुढच्या सीटवर तात्या नावाचे एक आजोबा बसले, मांडीवर पाय बांधलेला कोंबडा घेऊन. मागं माई आणि बांगड्या विकायला बाजाराला निघालेल्या एक चाची. चौथ्या सीटवर चाचींची बोचकी आणि माईचा डबा. कांताबाईंनी दोरी खाली सोडली.

गाडी निघाल्याबरोबर टिंग टिंग वाजायला लागलं.

"तुमची गाडी कामून रडती?" तात्यांनी विचारलं.

"पट्टा लावा म्हणते."

"मला का कोंबड्याला?"

शेवटी एकाच पट्ट्यात दोघांनाही अडकवलं, तेव्हा गाडी गप्प झाली. कोंबडा मात्र झाला नाही. एसीचं वारं त्याच्या तुऱ्यावर येत होतं आणि ते त्याला पसंत नव्हतं. गिअर बदलायला हात नेला की तो चोच मारायचा. चौथा गिअर मी टाकलाच नाही.

आरशात मला माई दिसत होती. ती खिडकीबाहेर पाहत होती, अनोळखी गाडीत बसल्यासारखी, अंग चोरून. थोड्या वेळानं म्हणाली,

"वेरूळवरून आलात का साहेब?"

"हो."

"लेणी पाह्यली असतील."

मी समोर बघितलं.

"आमचा भाऊ बी गेला हाय आज तिकडंच," माई आता चाचींकडं वळून बोलत होती. "कंपनीत हाय तो. चिकलठाण्याला. अशीच गाडी हाय त्याची, हाच रंग. पन त्याची गाडी कायम भरलेली असती बघा. लई माणसं त्याच्या मागं. सख्ख्या बहिणीला बी जागा होत नाय, एवढी."

"बडा आदमी होइंगा," चाची म्हणाल्या.

"हौ. लई मोठा."

"अशी मोठी मानसं लई वंगाळ," तात्या पुढून म्हणाले. "माझा पुतण्या बी तसाच. गाडी घेतली आन् मान वळंना त्याची. मला वाटतं ह्या गाडीतच काय तरी असतं, मानंला लागतं."

"नाय नाय, भाऊ चांगला हाय आमचा," माई म्हणाली. "फकस्त बोलत नाय."

मी एसी कमी केला, मग वाढवला. चाची मनापासून हसत होत्या. या तिघांत मजा चाललीय आणि तिचा विषय मी आहे, हे फक्त मला आणि माईला माहीत होतं. खरं सांगायचं तर एक मन म्हणत होतं, बरं आहे. ही कन्नडपर्यंत परकी राहील, शोभाच्या दारात उतरेल, तिथं गर्दी, सगळं विरून जाईल. पुन्हा कधी ती मला गाडीबद्दल विचारणारही नाही. मला हवं तेच तर होणार होतं. मागं बसलेली शांत, सभ्य, काही न विचारणारी माणसं. आता त्यांत माई.

मग तिनं ती गोष्ट काढली.

"लहान होता ना, तवा मीच न्यायची त्याला एसटीनं, मामाच्या गावाला. आठ-नऊ वर्साचं घोडं, पन मांडीवर घ्यायची. तिकीट लागू नाय म्हणून. कंडक्टरला सांगायची, चार वर्साचं हाय, हाडापेरानं मोठं दिसतं. आन् ह्याला दटावायची, त्वांड उघडू नको, आवाजावरनं कळंल. मंग ते सगळ्या वाटंनं गप. मांडीला मुंग्या यायच्या माझ्या. पन त्वांड नाय उघडलं कधी." माई थांबली. "तवापासूनच गप हाय वाटतं ते."

चाची हसल्या. तात्या हसले. मी गाडी बाजूला घेतली. तिथं थांबण्यासारखं काही नव्हतं, नुसतं मक्याचं कापलेलं रान.

"काय झालं?" तात्या म्हणाले. "कोंबड्यानं घान केली का?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग मागं वळलो, आरशातून नाही, मान वळवून. "तो भाऊ मीच आहे. गाडीत कुणीच नव्हतं. कंपनीतले चौघं नव्हते, लेणी पण पाहायची नव्हती. मला एकट्याला यायचं होतं म्हणून मी खोटं बोललो. ही माझी सख्खी बहीण आहे. मुकुंदवाडीला थांब्यावर उभी असते तेव्हा पण मी समोर बघून निघून गेलोय. एकदा नाही. पुष्कळदा."

माझ्या आयुष्यात इतकी वाक्यं मी सलग बोललेली आठवत नाहीत.

"अय्यो," चाची म्हणाल्या, "तो अब तक चुप कायकू बैठे, भाई?"

माई माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे भरलेत की हसतायत ते मला कळेना. मग ती चाचींना म्हणाली,

"ह्यो माझा भाऊ नसंल. माझा भाऊ येवढं बोलत नाय."

मग तिनं डब्याचं फडकं सोडलं, एक धपाटं काढलं, त्यावर लोणच्याची फोड ठेवली आणि पुढं केलं. "खा. सकाळचं काय खाल्लं नसशील. थांब्याचं मला ठाऊक हाय. तुझी गाडी मला लांबून कळती. मी बी दुसरीकडं बघायची, म्हणलं, त्याला कामून लाजवावं."

मी ते धपाटं हातातच धरून बसलो. तात्यांनी मात्र आपल्या वाटचं लगेच संपवलं, दुसरंही मागून घेतलं.

शोभाचं गाव

कन्नडला बाजार भरलेला होता. चाची उतरल्या, सुनंदासाठी हिरव्या बांगड्या माझ्या हातात कोंबल्या आणि काही ऐकूनच घेईनात. तात्या उतरले, पण कोंबडा उतरेना. त्याला एसी आवडायला लागला होता. सीटवर त्यानं आपली खूण ठेवली, ती अजून पुरती गेलेली नाही. माईनं गुळाची गुडीशेव घेतली. मग राहिलेल्या वाटेवर ती माझ्या शेजारी पुढं बसली, आणि तिला बोलायचं होतं ते सगळं बोलली. दर दोन वाक्यांनंतर विचारत होती, "ऐकायलास ना?" मी ऐकत होतो.

शोभाच्या दारात मांडव, मांडवात अख्खं गाव. शोभा धावत आली, गाडीत डोकावली.

"कंपनीचे पाव्हणे कुठंयत? माई म्हनली व्हती, चौघं हायेत, लेणी पाहून जेवायला येतील. मी वरणबट्टी जास्त टाकलीय."

माझ्या खोट्याला इथं चुलीपर्यंत वाट फुटलेली असेल हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

"उतरले की कन्नडलाच," माई शांतपणे म्हणाली. "बाजारात. एक तर कोंबडा घिऊन उतरला."

शोभा आणि सुनंदा एकमेकींकडं पाहत राहिल्या. कोंबडा घेऊन हिंडणारा कोण तो कंपनीचा साहेब, यावर मांडवात बरीच चर्चा झाली. मी सुनंदाला संध्याकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरी मला वाटलंच. तुझ्या गाडीत चौघं बसणं म्हणजे."

साखरपुडा सुरू झाला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्त्या लागल्या, सगळ्यांनी हात जोडले. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. माई माझ्या शेजारीच उभी होती. पहिलं शील, दुसरं, तिसरं, तिचा आवाज सगळ्यांसारखाच. चौथं आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, आणि माईचा आवाज एकदम चढला. "मुसावादा वेरमणी." मांडवातली दोन माणसं वळून बघायला लागली. तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मी म्हटलं, जमलं तेवढ्या मोठ्यानं.

वरणबट्टी आणि घोटलेली वांगी, तूप वरून सोडलेलं. चिकलठाण्याला आम्ही बट्टी चमच्यानं फोडून खातो. इथं मुठीनं चुरतात आणि वाढणारा कोण ते बघतही नाहीत, फक्त ताट पुढं करतात. चार पाहुण्यांचं जास्तीचं जेवण होतं ना. माईनं त्यातलं बरंचसं माझ्या ताटात वाढायला लावलं. "ह्याला घाला," ती म्हणत होती, "पाव्हण्यांच्या वाटचं बी ह्यालाच घाला."

परत येताना

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सावळधाऱ्यावरून आलो. हायवे तुंबलेला नव्हता. नुसताच आलो.

एकटेपण मला अजूनही आवडतं, ते खोटं सांगत नाही. एका धपाट्यानं माणूस बदलत नसतो. पण इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या गाडीतली शांतता माझी आहे, तिची किंमत मी भरतो, हप्त्यानं आणि पेट्रोलनं. ती किंमत थांब्यावर दुखऱ्या गुडघ्यांनी दुसरंच कुणीतरी भरत होतं, आणि वर तोंड फिरवून मला सांभाळूनही घेत होतं.

दोरी तशीच आडवी, चिंध्या वाऱ्यावर. कांताबाई खुर्चीवर. आता माझ्या शेजारी माई होती. मागं सुनंदा, डोळ्याच्या दवाखान्यात जायचं म्हणून शोभाच्या सासूबाई आणि त्यांना धरून आणायला त्यांची मुलगी. पायांत, मांड्यांवर, काचेपाशी, जिथं जागा मिळेल तिथं बोचकी. मागचं मला काही दिसतच नव्हतं. कांताबाई टकटक करायच्या आधीच मी काच खाली केली.

"किती रिकाम्या?"

मी उत्तर देणार, एवढ्यात माई माझ्या अंगावरून खिडकीकडं वाकली.

"एक बी नाय," ती म्हणाली. "गाडी भरलेली हाय."

"असं समदेच म्हणत्यात," म्हणून कांताबाईंनी आत डोकं घातलं. बोटानं एकेकीला मोजलं, बोचकी उचलून त्यांच्याखाली कुणी आहे का तेही पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आणि दोरी सोडली.